शरीरातले क्षार: किती आहेत यापेक्षा कुठे आहेत

रुग्णालयात दाखल झालेल्या जवळपास प्रत्येकाच्या फाइलमध्ये ‘सिरम इलेक्ट्रोलाइट्स’ नावाचा एक छोटा तक्ता असतो. सोडियम १३९, पोटॅशियम ४.२, क्लोराइड १०३, बायकार्बोनेट २४ असे चार आकडे. साखरेचा आकडा घरच्यांना कळतो, हिमोग्लोबिनचाही कळतो. हा तक्ता मात्र न वाचताच फाइलमध्ये जातो. पुढे कधी डॉक्टर ‘सोडियम कमी झालंय’ म्हणाले की घरात मीठ वाढवलं जातं, आणि पुष्कळदा ते उपयोगाचं नसतं. काही रुग्णांत तर त्रासाचंच ठरतं.

या आकड्यांमागे शरीरातली असेंद्रिय संयुगं आहेत: पाणी, क्षार, आम्लं, फॉस्फेट, काही वायू. प्रथिनं, मेद, डीएनए यांच्याबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. पण त्यांची सगळी कामं या दोन-चार अणूंच्या साध्या पदार्थांच्या आधारानं चालतात. हे पदार्थ समजून घेताना एक गोष्ट धरून ठेवली तर बाकीचं आपोआप उलगडतं. शरीरात एखादा क्षार एकूण किती आहे यापेक्षा तो पेशीच्या आत आहे की बाहेर, याला महत्त्व जास्त.

असेंद्रिय कशाला म्हणायचं

कार्बन आणि हायड्रोजन यांच्या सांगाड्यावर उभे असलेले रेणू म्हणजे सेंद्रिय संयुगं: साखर, मेद, प्रथिनं. असा सांगाडा नसलेली ती असेंद्रिय. कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट यांच्यात कार्बन असला तरी त्यांची गणना असेंद्रियांतच होते.

क्षार पाण्यात विरघळला की त्याचे धन किंवा ऋण विद्युतभार असलेले कण सुटे होतात. त्यांना आयन म्हणतात. रिपोर्टवरचे इलेक्ट्रोलाइट्स म्हणजे हेच. त्यांचं माप मिलिमोलमध्ये देतात, आणि मिलिमोल हे कणांच्या संख्येचं माप आहे, वजनाचं नाही. १ मिलिमोल सोडियमचं वजन २३ मिलिग्रॅम, पोटॅशियमचं ३९ मिलिग्रॅम, पण कणांची संख्या दोन्हीत सारखीच. शरीराला कणांच्या संख्येशी कर्तव्य असतं, म्हणून हे माप. रिपोर्टवर मिलिमोलऐवजी मिलिइक्विव्हॅलंट लिहिलं असेल तरी या चौघांसाठी आकडा बदलत नाही.

पाण्याचे दोन कप्पे

७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असतं. स्त्रियांत वजनाच्या मानानं थोडं कमी, नवजात बाळात बरंच जास्त. या ४२ लिटरांपैकी साधारण २८ लिटर पेशींच्या आत असतं आणि १४ लिटर बाहेर. बाहेरच्यापैकी जेमतेम ३ लिटर रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रवभाग. आपली तपासणी होते ती एवढ्या ३ लिटरांतल्या थेंबभराची. २८ लिटरांत काय चाललंय ते या रिपोर्टवरून थेट दिसत नाही.

दोन्ही कप्प्यांतलं पाणी अगदी वेगवेगळं असतं. बाहेर दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल सोडियम आणि फक्त ४ मिलिमोल पोटॅशियम. आत बरोबर उलटं: पोटॅशियम १४० च्या आसपास आणि सोडियम १० ते १५.

मधलं पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, पाण्याला बहुतेक ठिकाणी सहज वाट देतं, आयनांना देत नाही. म्हणून ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. शिरेतून सलाईन देताना १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असतं ते याच कारणानं. एवढं मीठ असलं की पेशीच्या आतला आणि बाहेरचा ओढा जुळतो. त्याऐवजी शुद्ध पाणी शिरेत सोडलं तर ते तांबड्या पेशींमध्ये घुसतं, आणि पेशी फुगून फुटतात.

न थांबणारा पंप

पटलातून सोडियम सतत थोडं थोडं आत झिरपतं आणि पोटॅशियम बाहेर. नुसतं सोडून दिलं तर काही तासांत दोन्हीकडचा फरक पुसला जाईल. तो टिकवतो पेशीपटलात बसवलेला एक प्रथिनाचा पंप. एका फेरीत तो ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्कोउ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो दाखवून दिला, आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा या पंपावर जातो.

एवढा खर्च कशासाठी? इमारतीच्या गच्चीवरची टाकी आठवा. पंपानं एकदा पाणी वर चढवलं की मग घरातला प्रत्येक नळ नुसता उघडायचा, त्याला वेगळी वीज लागत नाही. पेशीबाहेर साठवलेलं सोडियम ही तशी भरलेली टाकी आहे, आणि शरीरात त्यावर चालणारे नळ असंख्य आहेत.

पहिला नळ मज्जातंतूंचा. स्वस्थ असताना चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनं ऋण असते. संदेश आला की पटलातल्या सोडियमच्या वाटा साधारण एक सहस्रांश सेकंद उघडतात, सोडियम आत घुसतं आणि विद्युतभार उलटतो. मग पोटॅशियम बाहेर जाऊन स्थिती पूर्वीसारखी होते. हीच लाट पुढे पुढे सरकत जाते. बोट हलवणं, चटका जाणवणं, हे वाक्य वाचणं, सगळं या लाटेवर चालतं.

दुसरा नळ आतड्यात आहे, आणि त्यानं असंख्य मुलांचे प्राण वाचवले आहेत. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते २ सोडियम आणि १ ग्लुकोज बरोबर आले तरच दोघांना आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी शोषलं जातं. कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर ओतत असतं, तरी हा वाहक शाबूत राहतो. जीवनरक्षक क्षारांचं मिश्रण, म्हणजे ओआरएस, यावरच चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात १ लिटर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. हिशेब केला तर सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल होतात. प्रमाण तसं मुद्दाम ठेवलेलं आहे.

म्हणूनच हे पाणी अंदाजपंचे करू नये. १ लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीवर चढू शकतं, लहान बाळात तर फार लवकर. चवीसाठी वरून साखर घातली तर जास्तीची साखर आतड्यातच राहते, पाणी स्वतःकडे ओढते आणि जुलाब वाढतात. पाकीट सगळं एकदम, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात घालायचं, दूध किंवा फळांच्या रसात नाही, आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं.

सोडियम कमी म्हणजे शरीरात मीठ कमी?

बहुतेक वेळा नाही. रिपोर्टवर सोडियमचा आकडा असतो तो दर लिटर पाण्यामागचा. हा आकडा दोन कारणांनी घसरू शकतो: सोडियम कमी झालं, किंवा पाणी वाढलं. रुग्णालयात दिसणाऱ्या बऱ्याच रुग्णांत पाणी वाढलेलं असतं. हृदय किंवा यकृत थकलं की शरीर पाणी धरून ठेवतं. काही औषधांमुळे, फुप्फुसांच्या किंवा मेंदूच्या काही आजारांमुळे मूत्रपिंडाला ‘पाणी सोडू नकोस’ असा हुकूम देणारा व्हॅसोप्रेसिन हा हार्मोन गरज नसताना स्रवत राहतो. अशा माणसाच्या शरीरात एकूण सोडियम नेहमीइतकं असतं. हृदयरोग्याच्या शरीरात तर नेहमीपेक्षा जास्तसुद्धा असू शकतं. त्याला मीठ वाढवलं तर पायावरची सूज आणि धाप वाढते. उपाय बऱ्याचदा पाणी मोजून पिण्याचा असतो, आणि नेमकं तेच नातेवाइकांना पटत नाही.

उलटी-जुलाबात किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे खरोखरच मीठ जातं. तिथे ते भरून द्यावं लागतं. दोन्हींत आकडा एकच, १२५ म्हणा, पण उपचार एकमेकांच्या उलट. म्हणून नुसत्या आकड्यावरून घरी काही ठरवू नये.

धोका मेंदूला असतो. बाहेरचं पाणी पातळ झालं की ते मेंदूच्या पेशींत शिरतं, पेशी फुगतात, आणि कवटीत फुगायला जागा नसते. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वागणं, झटके, असा क्रम लागतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तहान नसताना प्रत्येक टप्प्यावर पाणी पीत राहिलेल्या धावपटूंचे यात मृत्यू झाले आहेत.

आणि सोडियम हळूहळू उतरलं असेल तर झटपट वर आणणंही घातक. दोन-चार दिवसांत मेंदूच्या पेशी आतले कण बाहेर टाकून नव्या परिस्थितीला जुळवून घेतात. मग बाहेरचं सोडियम एकदम वाढवलं तर त्या आकसतात आणि मेंदूतल्या तंतूंवरचं वेष्टण उखडतं. म्हणून २४ तासांत ८ ते १० मिलिमोलच्या वर चढू द्यायचं नाही, असा दंडक आहे. ‘तीन दिवस झाले, अजून नॉर्मल कसं होत नाही’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी नीट सांगायला हवं. तिथे संथपणा हाच उपचार असतो.

पोटॅशियम: दोन टक्क्यांवर चालणारं हृदय

आत-बाहेरचा हिशेब सगळ्यात स्पष्ट दिसतो तो पोटॅशियममध्ये. प्रौढाच्या शरीरात ते सुमारे ३५०० मिलिमोल असतं, त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत. बाहेरच्या १४ लिटरांत मिळून ६० मिलिमोलसुद्धा भरत नाही. रिपोर्टवरची ३.५ ते ५ ही मर्यादा या बाहेरच्या चिमूटभर साठ्याची आहे, आणि हृदयाची लय या चिमटीवर अवलंबून असते.

एका भरपेट जेवणातून ३० ते ४० मिलिमोल पोटॅशियम सहज पोटात जातं. ते सगळं बाहेरच्याच कप्प्यात राहिलं तर जेवणागणिक जीव धोक्यात येईल. तसं होत नाही, कारण जेवणानंतर स्रवणारं इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींत ढकलतं. मग मूत्रपिंड सवडीनं जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतं.

रक्तात ते ६.५ च्या वर गेलं की हृदयाच्या स्नायूची स्वस्थ असतानाची विद्युतस्थिती बिघडते. ईसीजीत टोकदार, उंच लाटा दिसू लागतात आणि हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकतं. उपचारांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी शिरेतून कॅल्शियम देतात. त्यानं पोटॅशियम जराही कमी होत नाही, पण हृदयाच्या पेशीपटलाला काही मिनिटांत संरक्षण मिळतं, तेही अर्धा-एक तासच. तेवढ्यात ग्लुकोजबरोबर इन्शुलिन देऊन पोटॅशियम पेशींत ढकलतात. रक्तातला आकडा उतरतो, तरी शरीरातून एक कणही बाहेर गेलेला नसतो. चार-सहा तासांत ते पुन्हा बाहेर येऊ लागतं, म्हणून त्याआधी औषधांनी किंवा डायलिसिसनं ते खरंच काढून टाकावं लागतं. ‘पोटॅशियम उतरलं’ म्हणून तिसऱ्या पायरीला उशीर केला तर पहिल्या दोन पायऱ्या वाया जातात.

कधी रुग्ण ठणठणीत आणि पोटॅशियम मात्र ६.८, असा रिपोर्ट येतो. पुष्कळदा दोष रक्त घेण्यात असतो. मूठ वारंवार उघडझाप करायला लावली की हाताच्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येतं. पट्टा फार वेळ घट्ट बांधून ठेवला किंवा बारीक सुईतून जोरात रक्त ओढलं की काही तांबड्या पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम द्रवात सांडतं. रिपोर्टखाली ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’, म्हणजे पेशी फुटलेला नमुना, असा शेरा असेल तर तो आकडा ग्राह्य धरू नये. नमुना पुन्हा द्यावा लागतो.

पोटॅशियम कमी असेल आणि दिवसेंदिवस देऊनही टिकत नसेल, तर मॅग्नेशियम तपासतात. ते कमी असलं की मूत्रपिंडातून पोटॅशियम गळत राहतं. आधी मॅग्नेशियम भरून काढावं लागतं, नाहीतर वरून ओतायचं आणि खालून गळायचं असं चालू राहतं.

जठरातलं आम्ल

जठराच्या भिंतीतल्या काही पेशी चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. त्याचा पीएच १ च्या आसपास असतो. पीएच म्हणजे आम्लतेची मोजपट्टी: ७ म्हणजे तटस्थ, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली, आणि प्रत्येक अंकामागे दहापट फरक. रक्ताचा पीएच ७.४. म्हणजे ही पेशी रक्तातले हायड्रोजन आयन सुमारे पंचवीस लाख पट तीव्र करून पलीकडे सोडते. त्यासाठीचा पंप निराळा, हायड्रोजन बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा. पित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या गोळ्या हाच पंप बंद करतात.

या आम्लानं प्रथिनांच्या घड्या उलगडतात, पेप्सिन हे पाचक एन्झाइम कामाला लागतं, अन्नातून आलेले बहुतेक जंतू मरतात आणि लोह विरघळलेलं राहतं. जठर स्वतः जळत नाही, कारण त्याच्या आतल्या बाजूला श्लेष्माचा थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट झिरपत असतं. आम्ल भिंतीशी पोचेपर्यंत मारलं जातं. वेदनाशामक गोळ्यांनी किंवा हेलिकोबॅक्टर या जंतूनं हे संरक्षण मोडलं की व्रण होतो. गोळ्यांनी आराम पडतो म्हणून त्या वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं घेत राहणं मात्र बरं नाही: बी-१२, लोह आणि मॅग्नेशियम यांचं शोषण त्यानं घटू शकतं.

रक्त ‘आम्लधर्मी’ होतं का?

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्टीत राहतो, आणि शरीर तर सतत आम्ल बनवत असतं. सगळ्यात मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचा. तो पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतं, आणि त्याचे हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट असे दोन तुकडे होतात. नुसत्या पाण्यात हे सावकाश चालतं. तांबड्या पेशींत मात्र जस्त असलेलं कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा ही क्रिया घडवतो. पेशींनी टाकलेला जवळपास ७० टक्के कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात फुप्फुसांपर्यंत जातो आणि तिथे पुन्हा वायू होऊन उच्छ्वासातून बाहेर पडतो. दिवसाला अंदाजे १५,००० मिलिमोल. उच्छ्वासातून जाऊ न शकणारं आम्ल रोज ७० मिलिमोलच्या आसपास. ते मूत्रपिंड फॉस्फेट आणि अमोनियम यांच्या रूपात टाकतं.

बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण २० ला १ राहिलं की पीएच ७.४ राहतो. एकाची पातळी मूत्रपिंड सांभाळतं, दुसऱ्याची फुप्फुसं. म्हणून बायकार्बोनेट घसरलं की माणूस आपोआप खोल आणि जलद श्वास घेऊ लागतो. मधुमेहातल्या कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात कीटोन ही आम्लं साचल्यावर, दिसणारी धाप अशी असते. फुप्फुसं धडधाकट असतात. ती रक्तातलं आम्ल कमी करण्यासाठी राबत असतात.

इथे रिपोर्टवरच्या चार आकड्यांचा एक चांगला उपयोग होतो. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची बेरीज वजा करा. सुरुवातीच्या तक्त्यात १३९ वजा १२७ म्हणजे १२. हा फरक साधारण ८ ते १२ असावा. तो २० च्या वर असेल तर रक्तात न मोजलेलं एखादं आम्ल साचलंय: कीटोन, लॅक्टिक आम्ल, मूत्रपिंड निकामी झाल्यानं राहिलेली आम्लं किंवा एखादं विष. अतिदक्षता विभागात ही एक वजाबाकी निदानाची दिशा ठरवते.

मग अल्कलाइन पाणी पिऊन रक्त अल्कधर्मी करता येतं, या दाव्याचं काय? ते पाणी आधी पीएच १ च्या जठरात पडतं. त्यातून काही अल्कली रक्तात पोचलीच तर मूत्रपिंड ती लघवीतून काढून टाकतं. लघवीचा पीएच बदलतो, रक्ताचा नाही. रक्ताचा पीएच खरोखरच अन्नपाण्यानं हलू लागला असता तर आपण जगलोच नसतो.

श्वास रोखल्यावर होणारी घुसमटही ऑक्सिजन घटल्यानं होत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं होते. म्हणून पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं यासाठी आधी भराभर श्वास घेणं जिवावर बेततं. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यानं घुसमटीचा इशारा उशिरा येतो आणि त्याआधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते.

हाडं आणि कॅल्शियम

प्रौढाच्या अंगात १ किलोच्या आसपास कॅल्शियम असतं. ९९ टक्के हाडांत आणि दातांत, हायड्रॉक्सीअॅपटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकांत. हे स्फटिक कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंवर बसतात. एखादं स्वच्छ केलेलं बारीक हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की स्फटिक विरघळतात आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. उलट हाड भट्टीत जाळून प्रथिन काढून टाकलं तर आकार तोच राहतो, पण बोटानं दाबताच चुरा होतो. कडकपणा क्षारांचा, चिवटपणा प्रथिनाचा. दातांवरच्या एनॅमलमध्ये तर सुमारे ९६ टक्के खनिजच असतं, आणि तोंडातला पीएच ५.५ च्या खाली उतरला की ते विरघळू लागतं. फ्लोराइड त्यात बसलं की स्फटिक आम्लाला जास्त दाद देत नाहीत.

पेशींबाहेरच्या द्रवात मात्र जेमतेम १ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि स्नायूंचं आकुंचन, रक्त गोठणं, हृदयाचा ठोका हे त्याच्या भरवशावर चालतं. लंडनचे सिडनी रिंगर १८८२ च्या सुमारास बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडतं ठेवत होते. पुढच्या वर्षी त्यांनी लिहिलं की ते पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) नव्हतं, नळाचं वापरलं गेलं होतं. ऊर्ध्वपातित पाण्यात हृदय मंदावून थांबलं, कॅल्शियम घातल्यावर पुन्हा चालू लागलं. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमनं तोवर काम भागवलं होतं. आजही रुग्णाला चढवल्या जाणाऱ्या ‘रिंगर लॅक्टेट’मध्ये म्हणूनच कॅल्शियम असतं.

रक्तातलं कॅल्शियम जरा घटलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हार्मोन सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात भरतात. म्हणजे वर्षानुवर्षं आहारातून ते कमी पडलं तरी रक्ताचा आकडा ठीक राहतो आणि हाडं पोकळ होत जातात. ‘रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आहे, मग हाड कसं मोडलं?’ या प्रश्नाचं उत्तर हेच. हाडांची घनता डेक्सा स्कॅनमधून कळते, रक्तातून नाही.

उलट गैरसमजही होतो. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि कामाचं असतं ते सुटं. अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णात एकूण आकडा कमी दिसतो, सुटं कॅल्शियम मात्र पुरेसं असू शकतं. शंका असेल तर ‘आयोनाइज्ड कॅल्शियम’ तपासायला सांगावं. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात त्यातही हेच आहे: कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्ताचा पीएच चढतो, जास्त कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं आणि सुटं कमी पडतं. श्वास संथ झाला की काही मिनिटांत मुंग्या थांबतात.

थोडे, पण अडवून धरणारे

लोह शरीरात अवघं ३ ते ४ ग्रॅम, त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाट शरीरापाशी नाही, त्यामुळे सगळं नियंत्रण आतड्यातून ते आत घेतानाच होतं. गरज नसताना लोहाच्या गोळ्या चालू ठेवू नयेत त्या यासाठी. आयोडिन दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, सत्तर वर्षांचं मिळून ४ ग्रॅमच्या आत. पण गर्भारपणात ते फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते.

फॉस्फेटचं एक रूप पेशीतल्या ऊर्जेच्या चलनात, एटीपीमध्ये असतं. दीर्घ उपासमारीनंतर माणसाला एकदम भरपूर खायला दिलं तर इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं पेशींत शिरतं आणि हृदय व श्वसनाचे स्नायू निकामी होऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांची सुटका झाल्यावर डॉक्टरांना हे पाहावं लागलं. म्हणून फार दिवस उपाशी असलेल्याला अन्न थोडं थोडं वाढवत देतात आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासतात.

वायूंपैकी नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होतो, काही सेकंद टिकतो आणि तेवढ्यात वाहिनी सैल करतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी शरीरात हाच वायू देते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. आणि पांढऱ्या पेशी जंतू गिळल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड व क्लोराइड यांच्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवतात. फरशी निर्जंतुक करायला वापरल्या जाणाऱ्या ब्लीचमध्ये काम करतं तेच रसायन! ही साखळी जन्मतः तुटलेली असलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होतात.

रोज इलेक्ट्रोलाइटचं पेय घ्यावं का?

निरोगी माणसाला नेहमीच्या दिवशी त्याची गरज नसते. मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यात दीड किलोच्या आसपास मीठ असतं, आणि ९९ टक्क्यांहून जास्त परत घेतात. नेमकं किती सोडायचं ते दर तासाला ठरत असतं. तासन्‌तास घाम गाळणारं काम, जुलाब, वारंवार उलट्या अशा वेळी क्षार भरून काढायला हवेत. आणि जुलाबात बाजारातली गोड पेयं ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत, त्यांत साखर जास्त आणि सोडियम फार कमी असतं.

मिठाचा पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठाबद्दल वेगळं सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढानं दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावं. जानेवारी २०२५ मध्ये संघटनेनं असं मीठ वापरण्याची सूचनाही केली, कारण त्यानं रक्तदाब उतरतो. पण त्यातलं सोडियम कमी करून भरलेलं असतं पोटॅशियम क्लोराइड, आणि ती सूचना मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी नाही. त्यांच्यात पोटॅशियम बाहेर पडत नाही. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांतही ते साचू शकतं, आणि या गोळ्या घेणारे बहुतेक जण रक्तदाबाचे किंवा हृदयाचे रुग्ण, म्हणजे असं मीठ आणण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेलेच. पोटॅशियम चढताना बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. ते पाकीट फोडण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारावं, आणि त्यांनी हो म्हटलं तरी एक-दोन आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासून घ्यावं.